सुपरहिरोचा गेम घ्यायच्या आधी आणि पहिल्या दोन तासांत काय काय तपासायचं

दर दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाचा फोन येतो, दादा सेल लागलाय, यातला कुठला घेऊ, आणि त्याच्या लिस्टमध्ये निम्मे तरी सुपरहिरोवाले गेम असतात. नव्या गेमच्या किमती बघता एक चुकीचा घेतला की त्याचा दोन-तीन महिन्यांचा पॉकेटमनी गेला, म्हणून त्याला फोनवर तुकड्या-तुकड्यात जे सांगत आलोय ते एकदा क्रमाने लिहून काढतोय. मी स्वतः २००९ च्या बॅटमॅन: अर्खम असायलमपासून या प्रकारचे गेम खेळतोय आणि मला ते मनापासून आवडतात, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते भरपूर तास घालवून बनलेलं मत आहे.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. हिरोची जी ओळख आहे ना, ती खेळताना तुमच्या हाताला जाणवली पाहिजे. स्पायडरमॅन असेल तर झोका, बॅटमॅन असेल तर अंधारात दबा धरून बसणं, हल्क असेल तर तोडफोड. कटसीनमध्ये (म्हणजे मधूनमधून आपोआप चालणाऱ्या सिनेमासारख्या दृश्यांत) हिरो अख्खा रणगाडा उचलून फेकतो आणि कंट्रोल तुमच्याकडे आला की साध्या गुंडाला पाडायला पंधरा बुक्के लागतात, असा गेम कितीही सुंदर दिसला तरी आठवड्यात कंटाळा आणतो.

पैसे भरायच्या आधी

ट्रेलर बघून काहीही ठरवू नका. ट्रेलरमध्ये बहुतेक कटसीनच असतात. त्याऐवजी कुणीतरी न बोलता, न कापता टाकलेला वीस-पंचवीस मिनिटांचा गेमप्ले शोधा, तोही सुरुवातीचा नको, मधल्या भागातला शोधा, कारण सुरुवातीचा एक तास प्रत्येक कंपनी घासूनपुसून चकचकीत करते. बघताना एवढंच मोजा की हिरो स्वतः किती वेळ हलतोय आणि किती वेळ मेन्यूत, नकाशात किंवा लोडिंगमध्ये जातोय. स्क्रीनवर शत्रूच्या डोक्यावर लेव्हलचे आकडे आणि प्रत्येक फटक्याला डॅमेजचे आकडे उडत असतील तर सावध व्हा. आकडे असणं हा गुन्हा नाही, पण अशा गेममध्ये बऱ्याचदा तुमचं कौशल्य वाढून काम भागत नाही, तुमचा ड्रेस आणि हातमोजे दोन-दोन टक्क्यांनी वाढवत बसावं लागतं.

मग स्टोअरचं पान पूर्ण वाचा. सतत इंटरनेट लागतं का, आत पुन्हा काही विकत घ्यायला लावतात का, हे तिथे लिहिलेलं असतं. हे मी इतकं जोर देऊन का सांगतोय त्याला कारण आहे. मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स २०२० च्या सप्टेंबरमध्ये आला, क्रिस्टल डायनॅमिक्ससारखा मुरलेला स्टुडिओ, त्यातली कमला खानची कथा खरंच गोड आहे, पण गेमची रचना अशी की कथा संपल्यावरही तुम्ही रोज येऊन त्याच त्या मिशन करून नवा गिअर (ताकद वाढवणारं सामान) गोळा करावा. लोक टिकले नाहीत, आणि ३० सप्टेंबर २०२३ ला तो डिजिटल दुकानांतून काढून टाकला, म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे आहे, आज नवीन माणसाला डिजिटल कॉपी विकत मिळत नाही. नंतर रॉकस्टेडी, म्हणजे ज्यांनी अर्खमचे ते अप्रतिम गेम बनवले तेच लोक, त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग आणला, त्यातही तोच प्रकार, चार वेगवेगळी पात्रं आणि चौघांच्याही हातात बंदूक. किंग शार्कसारखा राक्षस हातात असताना त्याने मशीनगन चालवावी हे मला आजही पटत नाही. इंटरनेटशिवाय खेळायची सोय त्यात डिसेंबर २०२४ ला आली आणि पुढच्याच महिन्यात नवीन भर घालणं बंद झालं. म्हणून हिरोचं नाव किंवा स्टुडिओचं नाव बघून डोळे झाकून पैसे भरू नका, गेम एकट्याने, ऑफलाइन, शेवटपर्यंत खेळता येतो का एवढं आधी बघा.

तिसरं म्हणजे आपलं मशीन. पीसीवाल्यांनी हे जास्त मनावर घ्या. बॅटमॅनचाच अर्खम नाइट जून २०१५ मध्ये पीसीवर इतक्या वाईट अवस्थेत आला की काही दिवसांतच कंपनीला स्वतःहून विक्री थांबवावी लागली आणि तो परत विकायला ऑक्टोबर उजाडला. आज तो चांगल्या पीसीवर मस्त चालतो, म्हणजे एखाद्या गेमची जुनी बदनामी आजही खरी असेल असं नाही, म्हणून रिव्ह्यू वाचताना अलीकडच्या महिन्यातले वाचा आणि आपल्यासारखंच ग्राफिक्स कार्ड असलेला माणूस काय म्हणतोय ते शोधा. या प्रकारच्या गेममध्ये एफपीएसला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) महत्त्व आहे कारण काउंटर (वार परतवणं) आणि डॉज (वार चुकवणं) अर्ध्या सेकंदाच्या आत दाबायचे असतात. गॉथम नाइट्स २०२२ मध्ये कन्सोलवर ३० एफपीएसवरच अडकलेला आला आणि लोक नाराज झाले ते उगाच नाही. गेममध्ये परफॉर्मन्स मोड असेल तर तोच लावा, थोडी चमक कमी झाली तरी चालेल. आणि टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा, अर्ध्या लोकांना हे माहीतच नसतं आणि मग बटण उशिरा लागतं म्हणून गेमला दोष देतात.

पैसे परत मिळायचं काय, तर स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मागता येतो. प्लेस्टेशनच्या दुकानात एकदा डाउनलोड सुरू केला की अवघड आहे, त्यामुळे तिथे वरची सगळी तपासणी आधीच करा, किंवा कन्सोलला डिस्क लागत असेल तर वापरलेली डिस्क घ्या, खेळून झाल्यावर पुढे विकता तरी येते. फक्त घेताना विचारा की डीएलसी (गेमची जादा भर) डिस्कवरच आहे की कागदावरच्या कोडने मिळणार होता, कारण तो कोड पहिल्या मालकाने वापरलेला असणार.

आता खाली जे सांगतोय ते त्या दोन तासांत बसवायचं.

पहिली वीस मिनिटं: मिशन सोडा, नुसतं फिरा

सुरुवातीचं शिकवणं संपलं आणि शहर मोकळं मिळालं की मिशनच्या खुणेकडे जाऊच नका. वीस मिनिटं नुसतं इकडून तिकडे जा. मजा आली का, एवढंच स्वतःला विचारा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण स्पायडरमॅन. जुन्या गेममध्ये त्याचं जाळं वर कुठेतरी आकाशालाच चिकटायचं. २००४ साली ट्रेयार्कने स्पायडरमॅन २ मध्ये पहिल्यांदा ते जाळं खऱ्या इमारतीला चिकटवलं, म्हणजे शेजारी इमारत नाही तर झोका नाही, आणि त्या एका गोष्टीमुळे वीस वर्षांनंतरही लोक त्या गेमची आठवण काढतात. मग २०१८ मध्ये इन्सॉम्नियॅकने तेच तत्त्व धरून पीएस४ वर मार्व्हल्स स्पायडरमॅन केला. आर२ (प्लेस्टेशन कंट्रोलरचं मागचं उजवं बटण; एल२ मागचं डावं, एल३ म्हणजे डावी काडी आत दाबणं) दाबून धरला की झोका, खालच्या टोकाला सोडला तर वेग पुढे जातो, वरच्या टोकाला सोडला तर उंची मिळते, एल३ दाबून खाली सूर मारायचा आणि रस्त्याला टेकायच्या जरा आधी परत आर२. एल२ आणि आर२ एकत्र दाबून एखाद्या टोकावर जायचं आणि पाय टेकताक्षणी एक्स दाबला की तिथून गोफणीतल्या दगडासारखे फेकले जाता. लहानपणी वडाच्या पारंबीला लटकून झोका घेतला असेल तर शरीराला हे आधीच माहीत असतं, कुठे सोडायचं ते. सेंट्रल पार्कमध्ये गेलात की इमारती संपतात, झाडांच्या आधाराने खाली-खाली झोके घ्यावे लागतात आणि वेग पडतो, आणि हे पडणंच सांगतं की झोका खरा आहे. या गेममध्ये फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून एकदम दुसरीकडे पोचणं) आहे, पण बहुतेकांना तो वापरावासाच वाटत नाही. ही तपासणी लक्षात ठेवा, फास्ट ट्रॅव्हलचं बटण दिसल्यावर सुटलो असं वाटलं तर फिरण्यात दम नाही.

२०२३ चा मार्व्हल्स स्पायडरमॅन २ घेतलात तर सेटिंगमध्ये जाऊन स्विंग स्टीअरिंग असिस्टन्स १० वरून ० वर आणा आणि पडल्यावर मार लागण्याचा पर्यायही चालू करा. पहिला अर्धा तास भिंतींवर आपटाल, पण नंतर झोका तुमचा स्वतःचा होतो.

बॅटमॅनचं फिरणं वेगळं आहे. अर्खम असायलम एका बेटावरच घडतो, मोठं शहर नाहीये, पण जसजशी नवी उपकरणं मिळतात तसतशी बंद असलेली जुनी वाट उघडते, आज ज्या भिंतीपाशी अडलात ती दोन तासांनी स्फोटक जेलने फुटते. २०११ च्या अर्खम सिटीत केप पसरून तरंगणं, खाली सूर, परत वर. तिथे लवकरात लवकर ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची ट्रेनिंग पूर्ण करा, ग्रॅपनेल बूस्ट (दोरीने खेचून हवेत पुढे फेकणारी सोय) मिळतो आणि त्यानंतर जमिनीवर उतरायची गरज फारशी राहत नाही. हे बरेच जण शेवटी करतात आणि अर्धा गेम रखडत चालतात.

पुढचा अर्धा तास: मारामारी

एकच बटण धपाधप दाबून बघा. मुद्दाम. गेम तुम्हाला जिंकू देतोय का? देत असेल तर पुढे वीस तास तेच करायचंय.

अर्खमची मारामारी बाहेरून सोपी दिसते, एका बटणाने ठोसा, एकाने काउंटर, एकाने केप फिरवून गोंधळवणं, एक बटण दोनदा दाबून उडी मारून बाजूला होणं, एवढंच. पण त्यात ताल आहे. समोर कुणी नसताना ठोसा दाबला की कॉम्बो (न चुकता सलग बसलेल्या फटक्यांची मोजणी) तुटतो. एक ठोसा लागल्यावर पुढचा बरोबर वेळेवर, एकदाच दाबला तर फटका जोरात बसतो. कॉम्बो आठवर गेला की दोन बटणं एकत्र दाबून एखाद्याला कायमचा आडवा करता येतो, अपग्रेड घेतलं की पाचवरच. लेझीम खेळताना पाऊल चुकलं की जसं लगेच कळतं तसं इथे चुकलेलं बटण कळतं. आणि मग हळूहळू वेगवेगळी माणसं येतात, ढालवाला समोरून ऐकत नाही, त्याला आधी गोंधळवून उडी घेऊन वरून मारायचं. सुरीवाल्यासाठी काउंटर दाबून धरून मागे सरकायचं. विजेचा दांडा असलेल्यावर समोरून हात टाकलात तर तुम्हालाच झटका, त्याच्या डोक्यावरून पलीकडे जा. चिलखतवाल्याला तीनदा केपने भंजाळून मग धडाधड ठोसे. हे चारही एकाच घोळक्यात आले की डोकं चालवावं लागतं, आणि बटणं तीच असतात, तुम्ही सुधारलेले असता.

खेळायला सुरुवात नॉर्मलवरच करा. अर्खम असायलममध्ये हार्डवर शत्रू मारणार असल्याची डोक्यावरची खूण दिसत नाही, ते दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा, तेव्हा माणसाचा खांदा हललेला बघून काउंटर मारायला लागाल आणि ती मजा वेगळीच आहे.

स्पायडरमॅनची मारामारी उलट, मार खायचाच नाही, चुकवत राहायचं. बरोबर क्षणी चुकवलं की फोकस भरतो आणि तो फोकस जखम भरायला वापरायचा की फिनिशरला (एका फटक्यात शत्रू संपवायला), हे दर वेळी ठरवावं लागतं. नवशिक्यांनी पहिले काही तास एक नियम पाळा, जमिनीवर उभं राहून मारामारी करू नका. एकाला वर उडवा, हवेतच मारा, तिथून दुसऱ्याकडे जाळ्याने खेचून जा.

इथे एक आपल्याकडचं उदाहरण द्यावंसं वाटतं, सुपरहिरो गेम नाही पण मुद्दा तोच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक काढला, त्यात ती मुलगी भिंतीवर धावून, खांबाला गिरकी घेऊन त्या वेगाने वार करते, म्हणजे खोलीची रचनाच हत्यार होते. छोटी टीम, पण चढणं आणि लढणं एकमेकांना जोडायचं कळलं होतं त्यांना. मोठमोठ्या गेममध्ये कधीकधी हे दोन वेगळे कप्पे असतात, छतावर झुलायचं आणि खाली उतरून वेगळाच गेम खेळल्यासारखं मारायचं.

हिरोला भीती कशाची आहे?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही, आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर.

ज्याला काहीच होत नाही त्याचा गेम बनवणं महाकठीण. सुपरमॅनचं बघा. १९९९ साली टायटसने निंटेंडो ६४ वर त्याचा गेम आणला, दाट धुक्यात हवेतल्या कड्यांमधून उडत जायचं, आणि सगळ्यात वाईट गेमच्या याद्यांमध्ये तो आजही सापडतो. २००६ च्या सुपरमॅन रिटर्न्समध्ये निदान विचार चांगला होता, सुपरमॅनला हेल्थच नाही, हेल्थ बार मेट्रोपोलिस शहराचा, म्हणजे शहर उद्ध्वस्त झालं की तुम्ही हरलात. बाकी गेम फिका पडला पण ती कल्पना मला अजून आवडते.

आता बॅटमॅन. दहा जणांना हाताने लोळवणारा माणूस, पण दोघांकडे बंदुका असल्या की उघड्यावर काही सेकंदात खल्लास. म्हणून अर्खममध्ये ते बंदूकवाल्यांचे हॉल असतात, वर दगडी पुतळे, तुम्ही त्यावर बसून खाली बघता. एकाला उलटं लटकून वर ओढला, बाकीच्यांना तो लटकलेला दिसतो आणि ते पाठीला पाठ लावून फिरायला लागतात. डिटेक्टिव्ह मोड लावला की त्या प्रत्येकाची मनःस्थिती दिसते, शांत, अस्वस्थ, घाबरलेला. शेवटचा उरलेला माणूस अंधारात आवाज आला तरी गोळ्या झाडतो. तुमच्या ताकदीला मर्यादा आहे म्हणून तुम्ही लपता, आणि लपता म्हणून समोरचा घाबरतो, अख्खा बॅटमॅन त्या एका खोलीत बसतो. पण टीप, डिटेक्टिव्ह मोड सतत लावून ठेवू नका, सगळं निळं दिसतं आणि गेमची मेहनतीने बनवलेली जागा बघायचीच राहते. खोलीत शिरताना एकदा लावा, माणसं मोजा, बंद करा.

अर्खम सिटीतली मिस्टर फ्रीझशी फाइट या सगळ्याचा कळस आहे. त्याच्यावर एक डाव एकदाच चालतो. पुतळ्यावरून मारलंत तर तो पुतळे गोठवून टाकतो, मागून गाठलंत तर पुढच्या वेळी पाठ वाचवायची सोय करतो. म्हणजे आत्तापर्यंत शिकलेला प्रत्येक डाव आठवून-आठवून वापरावा लागतो. बॉस फाइट (मोठ्या खलनायकाशी लढत) कशी असावी हे कुणी विचारलं तर मी हीच दाखवतो. नुसता मोठा आकार आणि लांबलचक हेल्थ बार असलेला बॉस आला की समजा बनवणाऱ्यांना वेळ मिळाला नाही, आणि हे अर्खम असायलमच्या शेवटच्या फाइटलाही लागू आहे, इतका भारी गेम आणि शेवट ढिला.

इन्फेमस आठवतो का कुणाला? सकर पंचचा, २००९, पीएस३. कोल नावाचा साधा माणूस, अंगात वीज. चार्ज संपला की खांबावरून, गाडीतून, जिथे वीज असेल तिथून ओढून घ्यायची, आणि पाण्यात पडला तर संपला. शहराच्या ज्या भागात लाइट नाही तिथे तो जवळजवळ असहाय. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तर दोन तासांत स्वतःला विचारा, माझ्या हिरोला इथे कशाची भीती आहे, आणि ती मला हातात जाणवते का.

मुखवट्याखालचा माणूस

यावर थोडक्यात. पीटर पार्कर २०१८ च्या गेममध्ये भाडं न दिल्यामुळे खोलीबाहेर काढला जातो, लॅबमध्ये उशिरा पोचतो, मे काकूच्या शेल्टरमध्ये मदत करतो. ही मिशन संथ आहेत, काही जणांना चालणं-बोलणं आवडत नाही, पण शेवटच्या दृश्यात घशात आवंढा येतो तो या संथ भागांमुळे. मेरी जेनची लपतछपत जायची मिशन मात्र खरंच ताणलेली आहेत, तिथे कथा चांगली असूनही हाताला काम नाही.

कथेसाठीच खेळायचं असेल तर २०२१ चा मार्व्हल्स गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी घ्या. आयडॉस मॉन्ट्रियलचा, एकट्याने खेळायचा, आत पुन्हा पैसे मागत नाही. तुम्ही फक्त स्टार-लॉर्ड, बाकी चौघांना हुकूम द्यायचे, आणि ते चौघं अख्खा वेळ भांडत असतात. त्या भांडणात मध्ये पडायचं की गप्प बसायचं हे तुम्ही ठरवता आणि नंतर त्याचे परिणाम दिसतात. घाई करून पुढे पळू नका, जहाजावर सगळ्यांशी बोला, नाहीतर निम्मा गेम हुकेल. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये कथेचं बक्षीस याला मिळालं आणि योग्य मिळालं. मारामारी मात्र ठीकठाक.

साइडची कामं

नकाशा उघडल्यावर खुणांचा सडा दिसला तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. प्रत्येक प्रकारातली एक-एक करून बघा, दुसऱ्यांदा करताना काही वेगळं घडलं का ते पाहा. २०१८ च्या स्पायडरमॅनमध्ये शहरभर ५५ बॅकपॅक आहेत, प्रत्येकात पीटरच्या आयुष्यातली एखादी वस्तू, एक वाक्य, आणि शोधायला झोके घेतच जायचं असल्यामुळे कामच वाटत नाही. तेच रस्त्यावरचे गुन्हे थोड्या वेळाने सारखेच वाटायला लागतात, ते सगळे पूर्ण करायचा हट्ट धरू नका.

रिडलरचं (बॅटमॅनला कोडी घालणारा खलनायक) प्रकरण वेगळं. अर्खम असायलममध्ये त्याची २४० आव्हानं आहेत आणि त्यातली काही बेटाचा इतिहास सांगतात, जमतील तशी करा. अर्खम नाइटमध्ये २४३, आणि पूर्ण शेवट बघायचा असेल तर सगळी सोडवावी लागतात. मी म्हणेन की मुख्य कथा संपल्यावर रोज दहा-पंधरा याप्रमाणे करा, एका बैठकीत करायला गेलात तर इतक्या चांगल्या गेमचा राग यायला लागेल.

मग सुरुवात कुठून करायची

जुना लॅपटॉप किंवा साधा पीसी असेल तर अर्खम असायलमपासून, दुसरा विचारच नको. त्यानंतर सिटी, त्यानंतर नाइट, याच क्रमाने, कारण कथा पुढे जाते आणि बटणांमध्ये दर वेळी भर पडते, उलट खेळलात तर असायलम लंगडा वाटेल. पीसीवर असलात तरी जमलं तर कंट्रोलर वापरा. पीएस४ किंवा पीएस५ असेल तर २०१८ चा स्पायडरमॅन, मग माइल्स मोरालेस, जो छोटा आहे आणि परीक्षेनंतरच्या शनिवार-रविवारी संपवता येतो, मग स्पायडरमॅन २, पण तो पीएस४ वर चालत नाही. पहिला स्पायडरमॅन २०२२ पासून पीसीवरही आहे, त्याला ७५ जीबी जागा लागते, तेवढी आधी रिकामी करून ठेवा. घरात लहान भावंडं असतील आणि दोघांना एकत्र खेळायचं असेल तर २०१३ चा लेगो मार्व्हल सुपर हिरोज, दोन कंट्रोलर, एकच स्क्रीन, हरलं तरी रडारड नाही.

आणि स्टीमवर घेतलेला गेम मिशन न करता फिरून, एकच बटण दाबून, बंदूकवाल्यांसमोर उभं राहून तपासत असाल तर घड्याळावर लक्ष ठेवा, गेम पॉजवर ठेवून जेवायला गेलात तरी ती मिनिटं मोजली जातात, एक तास पन्नास मिनिटं झाली की बंद करा, आणि मग ठरवा.